गंधक वितळवून आणावे की दाणेदार? कागदावर क्रमांक नसलेले गंधक निर्धोक समजावे का?

कोरी_पाटी यांचा प्रश्न

नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून एका आम्ल प्रकल्पाच्या खरेदी विभागात नुकताच रुजू झालो आहे. आजवर आमच्याकडे दाणेदार गंधक येत असे. आता एका तेलशुद्धीकरण कारखान्याकडून वितळलेले गंधक थेट टँकरने घ्यावे असा विचार चालू आहे आणि दोन्ही पर्यायांवरचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेनंतर सुटला, त्यामुळे प्रश्न अगदीच प्राथमिक वाटले तर सांभाळून घ्यावे.

पहिला प्रश्न असा की, जो पदार्थ साध्या हवेत दगडासारखा घट्ट राहतो तो मुद्दाम तापवून, गरम राखून इतक्या दूर नेण्यात फायदा तो कोणता? दुसरा असा की, पुरवठादाराने पाठवलेल्या कागदांवर वितळलेल्या गंधकापुढे धोकादायक मालाचा क्रमांक आहे, पण दाणेदार गंधकाच्या कागदांवर तो नाही. याचा अर्थ दाणेदार गंधक निर्धोक समजावे का? तिसरा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा आहे: एवढे सगळे गंधक शेवटी जाते कोठे?

वाफेची_नळी यांचे उत्तर

आम्लाच्या कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून लिहितो. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे.

जगात वर्षाला सुमारे ८ कोटी टन गंधक तयार होते आणि त्यातील फार मोठा भाग, म्हणजे दहापैकी आठ-नऊ हिस्से, गंधकाम्ल अर्थात सल्फ्युरिक ॲसिड करण्यासाठी जाळला जातो. त्या आम्लापैकी निम्म्याहून अधिक फॉस्फेटी खतांकडे जाते, कारण खनिज फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आम्लाने फोडल्याशिवाय ते पिकाच्या उपयोगी पडत नाही. उरलेले आम्ल तांबे व निकेल यांच्या खनिजांतून धातू काढणे, डिटर्जंट, रंगद्रव्ये, बॅटऱ्या अशा असंख्य वाटांनी पांगते. इंडोनेशियातील निकेल प्रकल्प हे अलीकडचे मोठे गिऱ्हाईक आहे. तेथे कमी प्रतीचे निकेल खनिज उच्च दाबाखाली आम्लात शिजवतात आणि त्यासाठी लागणारे आम्ल जागेवरच गंधक जाळून करतात.

जागेवरच का, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १ टन गंधकापासून सुमारे ३ टन आम्ल होते. म्हणजे आम्ल वाहून नेणे हे तिप्पट वजनाचा, वर आणखी धातू खाणारा द्रव वाहून नेणे ठरते. शिवाय गंधक जाळताना, आणि पुढे त्यातून निघालेल्या सल्फर डायऑक्साइड वायूचे व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या उत्प्रेरकावर रूपांतर होताना, जी प्रचंड उष्णता सुटते तिची वाफ करून कारखाना चालवता येतो, कित्येकदा वीजही करता येते. आम्ल विकत घेणाऱ्याला ही वाफ मिळत नाही. म्हणून जगाच्या व्यापारात आम्लापेक्षा गंधकच अधिक हिंडते.

आता पहिला प्रश्न. भट्टीत गंधक फावड्याने टाकत नाहीत. ते पंपाने उचलून तोटीतून बारीक तुषारांच्या रूपात फवारावे लागते. तेव्हा माल कोणत्याही रूपात आला तरी भट्टीच्या तोंडाशी तो द्रवच हवा. दुसऱ्या टोकाला तेलशुद्धीकरण कारखाना आहे. पूर्वी गंधक खाणीतून येत असे. हर्मन फ्राश यांनी १८९४ मध्ये लुइझियानात जमिनीखाली अतितप्त पाणी सोडून तेथल्या तेथे गंधक वितळवण्याची आणि हवेच्या दाबाने वर आणण्याची रीत यशस्वी केली आणि त्यानंतर सिसिलीच्या खाणींचे वर्चस्व संपले. आज मात्र बहुतेक गंधक खनिज तेल आणि नैसर्गिक वायू स्वच्छ करताना निघते. तेथे तेल-वायूतून वेगळ्या काढलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा सुमारे एक तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि त्याची उरलेल्या हायड्रोजन सल्फाइडशी गाठ घालून गंधक मिळवतात. क्लाउस यांच्या १८८३ च्या पेटंटातून विकसित झालेल्या या प्रक्रियेतून गंधक बाहेर पडते तेच मुळी द्रवरूपात. थोडक्यात, विकणाऱ्याच्या दारी ते द्रव असते आणि घेणाऱ्यालाही द्रवच हवे असते. मध्ये ते गोठवायचे, त्याचे दाणे पाडायचे, उघड्यावर ढीग घालायचा, त्यात माती आणि पावसाचे पाणी मिसळू द्यायचे आणि मग पुन्हा वाफ खर्चून वितळवायचे व गाळायचे, हा द्राविडी प्राणायाम वाचवणे हाच टँकरचा हेतू आहे.

पण गंधकाचा स्वभाव विचित्र आहे आणि टिपणात हा मुद्दा यायलाच हवा. ते ११५ ते १२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि तेव्हा ते पातळ, सहज वाहणारे असते. कोणताही पदार्थ तापवत गेले की अधिक पातळ होतो असा आपला अनुभव. गंधक मात्र १५९ अंश ओलांडले की एकाएकी दाट होऊ लागते, कारण आठ अणूंची कडी असलेले त्याचे रेणू फुटून एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्या लांबच लांब साखळ्या होतात. १८७ अंशांच्या सुमारास ते मधापेक्षाही कितीतरी दाट होते आणि पंप जागच्या जागी अडतो. त्यामुळे टँकर, टाकी, नळ्या, झडपा हे सर्व सुमारे १२५ ते १४५ अंशांच्या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. ३ ते ४ बार दाबाच्या संपृक्त वाफेचे तापमान साधारण १४४ ते १५२ अंश असते, म्हणून याच वाफेचे जाकीट, म्हणजे टाकी-नळ्यांभोवती वाफ फिरवणारे दुहेरी आवरण, वापरतात. वाफ जास्त दाबाची असेल तर गंधक अधिक चांगले वाहील, असा हिशेब नवीन माणूस हमखास करतो आणि तोंडघशी पडतो.

उलट बाजूने गोठण्याचा धोका. गंधक उष्णतेचे अत्यंत वाईट वाहक आहे. एकदा नळीत गोठले की बाहेरून तापवलेले आत पोहोचता पोहोचत नाही. माझ्या पाळीत एकदा वाफेचा ट्रॅप, म्हणजे वाफेचे साचलेले पाणी बाहेर सोडणारी झडप, बिघडून नळीचा लांब तुकडा गोठला. एका उतावळ्या सहकाऱ्याने तो मधूनच तापवायला घेतला. थंड घन गंधकाचा द्रव होताना आकारमान दहा टक्क्यांहून अधिक वाढते. दोन्ही बाजूंना घट्ट बुचे आणि मध्ये फुगणारा द्रव अशी अवस्था झाली, जोडावरचे गॅस्केट फाटले आणि समोरच्या भिंतीवर पिवळा सडा पडला. त्या वेळी तेथे कोणी उभे नव्हते म्हणून निभावले. गोठलेली नळी नेहमी मोकळ्या टोकाकडून वितळवत आत जायचे असते, हे मी त्या दिवसानंतर प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो.

दर्यावर्दी यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु ते एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाणाऱ्या गंधकाचे आहे. समुद्रापार जाणारे बहुतांश गंधक घनरूपातच जाते, आणि मी मालवाहू जहाजांवर त्याच्याबरोबर प्रवास केला आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत गंधकाचे दोन क्रमांक आहेत: घन गंधकाला १३५० आणि वितळलेल्या गंधकाला २४४८. दोन्ही ४.१ या वर्गात, म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थांत मोडतात. मात्र घन गंधकाला ठरावीक आकार दिलेला असेल, म्हणजे प्रिल, दाणे, गोळ्या, पॅस्टिल किंवा पापुद्रे या रूपात ते असेल, तर त्याला या नियमांतून सूट आहे. आपल्या पुरवठादाराच्या कागदांवर क्रमांक नाही तो याच सवलतीमुळे. सुट्या मालाच्या सागरी संहितेतही हीच विभागणी दिसते: फोडलेली ढेकळे आणि जाडेभरडे गंधक 'ब' गटात, म्हणजे रासायनिक धोका असलेल्या मालात, आकार दिलेले गंधक 'क' गटात, आणि अगदी बारीक भुकटी असेल तर ती सुट्या स्वरूपात जहाजात भरण्यास मनाईच.

पदार्थ एकच असता नियम तीन का, याचे कारण धूळ हे आहे. गंधकाची धूळ हवेत तरंगत असताना अत्यंत क्षीण ठिणगीनेही पेटते आणि बंद जागेत स्फोट होतो. एका घनमीटर हवेत सुमारे ३५ ग्रॅम धूळ त्यासाठी पुरेशी आहे. त्यात भर म्हणजे गंधक स्वतः उत्तम विद्युतरोधक आहे, घासले की त्यावर स्थिर विद्युत साचते आणि निचरा होत नाही. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी स्थिर विजेचे प्रयोग करण्यासाठी जो गोळा फिरवला तो गंधकाचाच होता. आज पट्ट्यांवरून आणि नळकांड्यांतून घसरणारे गंधक तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करत असते, फक्त तो कोणी मागितलेला नसतो. पूर्वी गंधकाच्या लाद्या फोडून भरत आणि त्या प्रत्येक हाताळणीत झिजून धूळ होत. कठीण, गुळगुळीत दाणे पाडण्याची तंत्रे आली ती मुख्यतः यासाठी.

म्हणून सवलत आकाराला आहे, पदार्थाला नाही, असे समजावे. चार वेळा उचलून टाकलेला, लोडरच्या चाकांखाली रगडलेला दाणा पुन्हा धूळच होतो, पण कागद त्याच्याबरोबर बदलत नाही. ढीग स्वस्थ पडलेला असला तरी निर्धास्त राहता येत नाही. १९९५ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील मकासारजवळ रानातला वणवा गंधकाच्या मोठ्या साठ्यापर्यंत पोहोचला आणि त्यातून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे माणसे दगावली, वस्ती रिकामी करावी लागली. १ टन गंधक जळाले की २ टन सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. शिवाय गंधकाची ज्योत निळसर असते, भर उन्हात ती दिसतच नाही. आग विझवण्यासाठी पाण्याचा जोरदार झोत मारू नये, कारण त्याने धूळ उडून आग भडकते. बारीक तुषारच मारावेत.

जहाजावरचा आमचा रोजचा त्रास मात्र आगीचा नव्हता, तो पाण्याचा होता. धूळ बसावी म्हणून गंधकावर पाणी शिंपडतात आणि ओले गंधक पोलादाला खाते. त्यासाठी माल भरण्याआधी होल्डच्या, म्हणजे जहाजाच्या मालकोठाराच्या, भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी लागते, म्हणजे आम्ल झालेच तर चुना ते पचवतो. सफेदीत एखादा पट्टा राहून गेला तर पुढच्या बंदरात तेथे खडबडीत काळा डाग सापडतो. तो आयर्न सल्फाइडचा असतो आणि सुकल्यावर हवेत आपोआप तापू शकतो.

द्रव गंधकाची जहाजे आहेत, पण थोडी. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'मरीन सल्फर क्वीन'. फेब्रुवारी १९६३ मध्ये १५ हजार टनांहून अधिक वितळलेले गंधक घेऊन ती टेक्सासमधील बोमाँटहून नॉरफोककडे निघाली आणि ३९ खलाशांसह नाहीशी झाली. चौकशीत टाकीतील स्फोट, जहाज मोडणे, उलटणे अशा अनेक शक्यता नोंदवल्या गेल्या, निश्चित कारण ठरवता आले नाही. तिच्याभोवती गूढकथा रचणारे पुष्कळ आहेत; मला त्यात गूढ काही वाटत नाही. दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या जुन्या तेलवाहू जहाजाच्या पोटात फेरबदल करून त्यात १३० अंशांचा द्रव भरला होता, एवढे कारण मला चिंतेला पुरेसे वाटते.

कोरी_पाटी यांचा प्रतिसाद

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आता दाणेदार गंधकाविषयीचा माझा गैरसमज दूर झाला, पण त्यामुळे एक उलटा प्रश्न पडला आहे. धोका धुळीत असेल तर धूळच नसलेले वितळलेले गंधक अधिक सुरक्षित म्हणता येईल का? टिपणात तसे लिहिण्याचा मोह होत आहे.

रबरगाडी यांचे उत्तर

आपल्या नव्या प्रश्नाचे उत्तर वाफेची_नळी देतीलच. मी फक्त आम्लाबाहेरच्या उपयोगांची थोडी भर घालतो, कारण तेथे गंधक कोणत्या रूपात हवे याची गणिते पूर्णपणे निराळी आहेत.

रबराच्या धंद्यात टनेजच्या दृष्टीने गंधक किरकोळ, पण त्याच्यावाचून टायरच होणार नाही. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये लक्षात आले की गंधकाबरोबर तापवलेले रबर उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत ठिसूळ होत नाही. गंधकाचे अणू रबराच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधतात. १०० भाग रबराला साधारण १ ते ३ भाग गंधक पुरते. तेच प्रमाण तीस-चाळीस भागांवर नेले की काळे कठीण एबोनाइट होते, ज्याच्यापासून एके काळी बॅटऱ्यांच्या पेट्या करत.

आता गंमत पाहा. वाफेची_नळी ज्या लांब साखळ्यांच्या गंधकाला घाबरतात, तेच गंधक आम्ही मुद्दाम विकत घेतो. अतिशय तापवलेले गंधक झटकन थंड केले की त्या साखळ्या तशाच टिकतात आणि मिळते ते 'अविद्राव्य गंधक'. साधे गंधक कच्च्या रबराच्या पृष्ठभागावर हळूहळू फुटून वर येते, त्याला आम्ही ब्लूम म्हणतो, आणि त्यामुळे टायरचे थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत. साखळीचे गंधक तसे सरकू शकत नाही. परंतु उष्णता लागली की ते गुपचूप पुन्हा कड्यांच्या साध्या गंधकात उतरते, म्हणून त्याची पोती थंड, कोरड्या जागी ठेवावी लागतात आणि धूळ दाबण्यासाठी ते तेल लावूनच येते. उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये विसरून राहिलेला माल दिसायला जसाच्या तसा असतो. बिघाड कळतो तो प्रयोगशाळेत, किंवा प्रयोगशाळेने दुर्लक्ष केले तर थेट कारखान्यात.

याखेरीज व्हिस्कोस धाग्यासाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड, साखरेचा रस स्वच्छ करण्यासाठी जाळलेल्या गंधकाचा वायू, सुती कापडाचा काळा रंग, काडेपेटी आणि फटाके हे उपयोग आहेतच.

माती_पाणी यांचे उत्तर

शेतीचा उल्लेख खतांपुरताच आला म्हणून दोन ओळी. द्राक्षावरील भुरी रोगासाठी गंधक एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. तेथे धूळ जितकी बारीक तितकी चांगली, म्हणजे दर्यावर्दी ज्याला जहाजात घेणार नाहीत तेच आम्हाला हवे असते. ते बंद पिशव्यांतून येते आणि हल्ली बहुधा पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीच्या रूपात. जमिनीला द्यायचे गंधक मात्र बेंटोनाइट मातीबरोबर दाणे करून देतात. ते ओल लागताच फुटते आणि जिवाणू त्याचे हळूहळू सल्फेट करतात, तेव्हाच ते मुळांना घेता येते. हेच जिवाणू आपल्या कारखान्यातील उघड्या, ओल्या ढिगावरही तितक्याच निष्ठेने आम्ल तयार करत असतात, हे टिपणात जरूर लिहा.

वाफेची_नळी यांचे उत्तर

कोरी_पाटी, कृपया तसे लिहू नका. द्रव गंधकात धूळ नसते हे खरे, पण त्याच्या पोटात वायू असतो.

तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघालेल्या ताज्या गंधकात दशलक्ष भागांमागे सुमारे ३०० भागांपर्यंत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मुरलेला असू शकतो. त्यातील काही साधा विरघळलेला असतो, काही गंधकाशीच संयोग पावून दडलेला असतो. दडलेला भाग टँकर चालताना हेलकावे बसले, तापमान थोडे उतरले की सुटू लागतो आणि टँकरच्या वरच्या मोकळ्या जागेत साचतो. झाकण उघडून वाकून पाहणारा माणूस नेमका त्याच जागी तोंड घालतो. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो म्हणून तो ओळखता येईल, या समजुतीवर कधीही विसंबू नका: हवेत दशलक्ष भागांमागे १०० च्या आसपास प्रमाण गेले की नाक मरते आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटते, वायू गेला. प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर पोहोचले तर तो स्फोटकही होतो. म्हणून वायू काढून टाकलेले, म्हणजे डीगॅस केलेले, गंधक मागवावे. त्यात हे प्रमाण १० भागांच्या खाली आणलेले असते. करारात ही अट स्वतंत्र कलम म्हणून असावी आणि ती पुरवठादाराच्या शब्दावर नव्हे, तपासणीच्या दाखल्यावर अवलंबून असावी.

टँकरविषयीही एक गोष्ट आपल्या हिशेबाला उपयोगी पडेल. द्रव गंधकाची घनता पाण्याच्या जवळजवळ १.८ पट आहे. त्यामुळे इंधनाच्या टँकरच्या आकाराकडे पाहून फेऱ्यांचा अंदाज बांधू नये. वजनाची मर्यादा टाकी भरण्याच्या पुष्कळ आधी गाठली जाते, आणि अर्धवट भरलेला जड द्रव वळणावर गाडीला बाहेर ओढतो. त्यासाठी बनवलेले, आकाराने लहान दिसणारे टँकरच घ्यावेत.

आता माझे मत. आपला पुरवठादार टँकरच्या एका दिवसाच्या पल्ल्यात असेल तर द्रव गंधक घ्यावे, यात मला शंका नाही. चांगले वेष्टन असलेल्या टँकरचे तापमान तेवढ्या वेळात थोडेच उतरते. वितळवण्याची वाफ, गाळणीचा गाळ, मुरलेले आम्ल मारण्यासाठी टाकावा लागणारा चुना आणि उत्प्रेरकाच्या पहिल्या थरावर बसणारी राख, हे सगळे वाचते. अंतर त्याहून फार मोठे असेल, किंवा मध्ये समुद्र असेल, तर दाणेच बरे.

पण द्रव गंधकाला पाठीमागे साठा नसतो. दाण्यांचा ढीग महिनोन्महिने पडून राहू शकतो, टाकीतले गंधक मात्र दिवसरात्र वाफ मागते. आणि ही वाफ आपल्याला मिळते कोठून? आम्लाच्या भट्टीतूनच. वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना बंद झाला की वाफ बंद होते, आणि नेमक्या त्याच वेळी टाकी भरलेली असते. याचा विचार न करता द्रव गंधकाकडे वळलेल्या एका ठिकाणी संपूर्ण टाकी गोठलेली मी पाहिली आहे. ती पुन्हा वाहती करायला कित्येक आठवडे लागले. म्हणून टिपणात एका लहान स्वतंत्र बॉयलरचा खर्च द्रव गंधकाच्या बाजूला धरावा, आणि सध्याचा वितळवण्याचा हौद मोडीत काढून काही पैसे सुटतील असे कोणी सुचवले तर ती ओळ खोडावी.

पुरवठादाराशी बोलताना पुढच्या गोष्टी विचारून घ्या. टँकर पोहोचल्यावर त्याच्या जाकिटाला वाफ कोण देणार, तुम्ही की तो? जोडणीची नळी जाकिटाची आहे की साधी? टँकर दारात उभा राहून गोठला तर खोळंब्याचा खर्च कोणाकडे? दरावरची घासाघीस त्यानंतर करता येईल.